असमर्थ रुग्णांसंबंधीचे वैद्यकीय निर्णय

बेशुद्धावस्था, मेंदूची गंभीर इजा, स्मृतिभ्रंश, तीव्र मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता यांमुळे जी व्यक्ती स्वतःच्या उपचारांविषयीची माहिती समजून घेऊन आपला निर्णय कळवू शकत नाही, तिच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या निर्णयांना असमर्थ रुग्णांसंबंधीचे वैद्यकीय निर्णय असे म्हणतात. शस्त्रक्रियेस संमती देणे, कृत्रिम श्वसनयंत्र सुरू करणे किंवा काढणे, अवयवदानास परवानगी देणे आणि उपचारांच्या खर्चासाठी रुग्णाची मालमत्ता वापरणे हे अशा निर्णयांचे प्रमुख प्रकार होत.

भारतीय रुग्णालयांत संमतिपत्रावर पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांची सही घेण्याची प्रथा रूढ आहे. मात्र सज्ञान असमर्थ रुग्णाविषयीचे सर्व निर्णय घेण्याचा अधिकार एखाद्या नातेवाइकाला देणारा सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. तातडीची शस्त्रक्रिया, जीवरक्षक उपचार थांबवणे, मानसिक आजारावरील उपचार आणि मालमत्तेची व्यवस्था या प्रत्येकासाठी नियम वेगळे आणि अधिकारी वेगळे आहेत. या विषयावरील भारतीय कायद्याच्या जडणघडणीत मुंबईतील अरुणा शानबाग प्रकरणाचे स्थान मध्यवर्ती आहे.

निर्णयक्षमता

निर्णयक्षमता ही व्यक्तीची कायमची ओळख नसून विशिष्ट वेळी विशिष्ट निर्णयापुरती तपासायची बाब आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सकाळी रक्त तपासणीला समजून संमती देऊ शकतो. संध्याकाळी गोंधळलेल्या अवस्थेत तोच मोठ्या शस्त्रक्रियेचे परिणाम समजून घेऊ शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याच्या कलम ४ मध्ये क्षमतेचे निकष दिले आहेत. संबंधित माहिती समजणे, निर्णयाच्या संभाव्य परिणामांची जाण असणे आणि बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने निर्णय कळवता येणे यांवर ती ठरते. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची क्षमता नाकारता येत नाही, असेही हे कलम स्पष्ट करते. हे निकष मानसिक आरोग्यसेवेपुरते असले, तरी अन्य रुग्णांच्या बाबतीतही ते मार्गदर्शक मानले जातात.

संमती आणि तातडीचे उपचार

सक्षम सज्ञान रुग्णाच्या संमतीला नातेवाइकाची संमती पर्याय ठरत नाही. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात हा मुद्दा निर्णायक ठरला. दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. रुग्ण काही वेळातच शुद्धीवर येणार होती आणि जीवाला तत्काळ धोका नव्हता. त्यामुळे तिच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहणे आवश्यक होते, असे न्यायालयाने म्हटले. भुलेमुळे आलेली तात्पुरती असमर्थता नातेवाइकांना निर्णयाधिकार देत नाही, हे या निकालाचे तात्पर्य होय.

जीव वाचवण्यासाठी तत्काळ उपचार आवश्यक असतील, तर मात्र संमतीअभावी थांबण्याची गरज नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ९२ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३० यांनुसार, संमती देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेले कृत्य अपराध ठरत नाही. अट अशी की, तिच्या वतीने संमती देऊ शकणारा पालक वेळेत उपलब्ध नसावा. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसाच्या कवटीची शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक, हे उदाहरण खुद्द दंड संहितेतच दिलेले होते. १९८९ मधील परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा जीव वाचवणे हे शासकीय आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सांगितले. अपघातातील अनोळखी बेशुद्ध रुग्णावरील उपचार त्याचे नातेवाईक सापडेपर्यंत अडून राहू नयेत, हा या तरतुदींचा व्यावहारिक अर्थ आहे.

अरुणा शानबाग प्रकरण

अरुणा शानबाग या मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटल्याने त्यांची जाणीव कायमची हरपली. श्वास आणि झोप-जागेचे चक्र चालू असले, तरी त्या बोलू शकत नव्हत्या आणि त्यांना स्वतःचा निर्णय कळवणे शक्य नव्हते. पुढील सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली.

२००९ मध्ये पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना दिले जाणारे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमून अरुणा यांची तपासणी करवली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. मात्र काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्यास, म्हणजे निष्क्रिय इच्छामरणास, तत्त्वतः मान्यता दिली. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडवून आणणे हे सक्रिय इच्छामरण बेकायदेशीरच राहिले.

या निकालातील महत्त्वाचा प्रश्न अरुणा यांच्या वतीने कोण बोलू शकतो, हा होता. विराणी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले होते आणि त्यांच्याविषयी त्यांना आस्था होती. तरीही दशकानुदशके रोज अंघोळ घालणारा आणि घास भरवणारा के.ई.एम.चा कर्मचारीवर्गच त्यांचा खरा निकटवर्ती आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्या कर्मचारीवर्गाची इच्छा अरुणा जगाव्यात अशी होती. आईवडील, जोडीदार किंवा जवळचे नातेवाईक आणि ते नसल्यास निकटवर्ती यांनी घेतलेल्या निर्णयाला उच्च न्यायालयाची मंजुरी आवश्यक राहील, असा नियमही घालून देण्यात आला. हितसंबंधी नातेवाईक आणि डॉक्टर यांच्या संगनमताची शक्यता हे त्यामागील एक कारण होते. अरुणा शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले.

आगाऊ वैद्यकीय निर्देश

आपण असमर्थ झाल्यास कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे सक्षम असतानाच लिहून ठेवलेल्या दस्तऐवजाला आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणतात. ‘लिव्हिंग विल’ या नावानेही तो परिचित आहे. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते. हा दस्तऐवज व्यक्ती जिवंत असताना, परंतु निर्णयक्षम नसताना उपयोगी पडतो.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगून अशा निर्देशांना कायदेशीर मान्यता दिली. मात्र त्यासाठीची कार्यपद्धती इतकी किचकट होती की, तिचा वापर जवळपास अशक्य ठरला. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती सोपी केली. सुधारित पद्धतीतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

* निर्देश करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुबुद्ध असावी व तिने तो स्वेच्छेने केलेला असावा.
* दोन साक्षीदारांसमोर सही करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावा. २०१८ च्या पद्धतीत यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे.
* असमर्थता आल्यास निर्णय घेणाऱ्या पालकांची किंवा जवळच्या नातेवाइकांची नावे त्यात नमूद करावीत.
* एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. ती जपून ठेवण्यासाठी तो अधिकारी अभिरक्षक नेमतो.
* सक्षम असेपर्यंत व्यक्ती निर्देश केव्हाही लेखी रद्द करू शकते किंवा बदलू शकते.

*उपचार थांबवण्याची पद्धत*

रुग्ण बरा होण्याची शक्यता नसल्यास रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन विषयतज्ज्ञ असतात. त्यांचे मत उपचार थांबवण्याच्या बाजूने असल्यास दुय्यम मंडळ त्याची फेरतपासणी करते. या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि प्राथमिक मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. निर्देशात नमूद केलेल्या व्यक्तींची संमती घेऊन आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास कळवून निर्णय अमलात आणला जातो. रुग्णाने निर्देश केलेला नसल्यास जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत वापरता येते. मंडळांनी परवानगी नाकारल्यास अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात दाद मागता येते.

महाराष्ट्रात अभिरक्षकांच्या नेमणुका व्हाव्यात यासाठी मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्यानंतर राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अधिकारी नेमण्यात आले. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचा आगाऊ वैद्यकीय निर्देश नोंदवून या प्रक्रियेचा प्रारंभ केला.

पालकत्व आणि मालमत्ता

उपचारांना संमती देणे आणि रुग्णाच्या पैशांचा वापर करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र बाबी आहेत. अतिदक्षता विभागातील पतीच्या शस्त्रक्रियेसाठी पत्नीची सही घेतली जाते; पण केवळ त्याच्या नावावर असलेल्या बँक खात्यातून त्याच शस्त्रक्रियेचे बिल भरण्यासाठी ती पैसे काढू शकत नाही. आधी करून ठेवलेले साधे मुखत्यारपत्रही येथे उपयोगी पडत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र करून देणारी व्यक्ती विकलमनस्क झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजेच ज्या वेळी त्याची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच वेळी ते निरुपयोगी ठरते.

पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० अज्ञान मुलांपुरता आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीमार्फत पालक नेमता येतो. परंतु हा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना लागू आहे. अपघाताने किंवा पक्षाघाताच्या झटक्याने कोमात गेलेला प्रौढ यांपैकी कोणत्याही कायद्यात थेट बसत नाही. ही उणीव उच्च न्यायालये अनुच्छेद २२६ खालील अधिकाराने भरून काढतात. स्वतःचे हित जपू न शकणाऱ्या नागरिकाचे पालकत्व राज्यसंस्थेकडे असते, हे तत्त्व त्यासाठी आधारभूत मानले जाते. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोमातील रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा आधार घेत कोमातील पतीची पालक म्हणून पत्नीची नेमणूक केली. अशा प्रकरणांत न्यायालय रुग्णाची वैद्यकीय तपासणी करवते, अन्य वारसांचे म्हणणे पाहते आणि पालकाच्या व्यवहारांवर देखरेखीची व्यवस्था करते.

मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीस मानसिक आजारावरील उपचारांविषयी आगाऊ निर्देश करता येतो आणि नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. प्रतिनिधी नेमलेला नसल्यास नातेवाईक, काळजीवाहक, मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती आणि शेवटी समाजकल्याण विभागाचे संचालक असा क्रम कायद्यात दिलेला आहे. प्रतिनिधीने रुग्णाची सध्याची व पूर्वीची इच्छा आणि त्याची जीवनमूल्ये विचारात घेणे बंधनकारक आहे.

दुसऱ्याच्या वतीने घेतलेला निर्णय किती दूरगामी असू शकतो, हे १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील घटनेने दाखवून दिले. तेथील बौद्धिकदृष्ट्या अक्षम महिलांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्या राखू शकत नाहीत, हे कारण देण्यात आले होते. शस्त्रक्रिया त्यांच्या आरोग्यासाठी की सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी, असा प्रश्न उपस्थित करून महिला संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर त्या थांबवण्यात आल्या. २००९ मध्ये चंदीगडमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान महिलेचा गर्भपात तिच्या संमतीविना करता येणार नाही, असा निर्णय दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. याच कायद्याच्या कलम १४ मधील मर्यादित पालकत्वात पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी मिळून निर्णय घेणे अभिप्रेत आहे.

मेंदूमृत्यू आणि अवयवदान

कोमा आणि मेंदूमृत्यू या भिन्न अवस्था आहेत. कोमातील रुग्ण जिवंत असतो आणि काही रुग्ण शुद्धीवर येतात. मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबल्यावर मात्र रुग्ण परत येत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ नुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून मेंदूमृत्यू प्रमाणित करावा लागतो. त्यानंतरच जवळच्या नातेवाइकांकडून अवयवदानाची संमती घेता येते आणि मृताने हयातीत विरोध नोंदवला नव्हता, हे पाहिले जाते. यंत्राच्या साहाय्याने छाती हलताना दिसत असल्याने मृत्यू झाला हे स्वीकारणे कुटुंबीयांना अवघड जाते. म्हणून मृत्यूची माहिती देणे आणि अवयवदानाविषयी विचारणे हे टप्पे वेगळे ठेवले जातात.

नैतिक प्रश्न

असमर्थ रुग्णासाठी निर्णय घेताना दोन कसोट्या वापरल्या जातात. पहिलीत, रुग्ण बोलू शकला असता तर त्याने काय निवडले असते, याचा शोध घेतला जातो. दुसरीत, त्याचे मत कळण्याचा मार्ग नसल्यास त्याच्या सर्वोत्तम हिताचा विचार होतो. निर्णय घेणाऱ्याची स्वतःची इच्छा या दोन्ही कसोट्यांत गौण आहे. प्रत्यक्षात नातेवाइकांना ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे विचारले जाते आणि त्यामुळे मृत्यूची जबाबदारी आपल्यावर आली, अशी भावना त्यांच्या मनात घर करते.

महाराष्ट्राला स्वेच्छेने अन्न व औषध सोडून मृत्यू स्वीकारण्याची परंपरा परिचित आहे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली, वि. दा. सावरकर यांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केले आणि विनोबा भावे यांनी १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषध नाकारले. या तिन्ही उदाहरणांत निर्णय जाणिवेने आणि स्वतः घेतलेला होता. असमर्थ रुग्णाच्या बाबतीत नेमकी हीच बाब उपलब्ध नसल्यामुळे या परंपरेचा दाखला थेट देता येत नाही.

खर्च हा आणखी एक घटक आहे. अतिदक्षता विभागाचा खर्च झेपेनासा झाल्यावर अनेक कुटुंबे ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ अशा नोंदीवर सही करून रुग्णाला घरी नेतात. यात वैद्यकीय मंडळाची तपासणी होत नाही आणि बऱ्याचदा वेदनाशामक औषधे किंवा परिहारक सेवाही मिळत नाही. उपचार थांबवणे म्हणजे काळजी थांबवणे नव्हे, हे वैद्यकीय नीतिशास्त्राचे तत्त्व येथे बाजूला पडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये हृदय बंद पडल्यावर पुनरुज्जीवनाचे प्रयत्न न करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. असा निर्णय पुनरुज्जीवनापुरता मर्यादित असून अन्य उपचार व शुश्रूषा चालूच राहतात, हे त्यांत अभिप्रेत आहे.

कोल्हापूर आणि परिसर

कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून ‘सीपीआर’ या नावाने ओळखले जाते. शहरातील शासकीय व खासगी रुग्णालयांत जिल्ह्याबरोबरच तळकोकणातून आणि निपाणी, चिकोडी या सीमाभागातूनही रुग्ण येतात. उपचार थांबवण्याची वैद्यकीय मंडळे रुग्णालयात नेमली जात असल्याने सीमाभागातील रुग्णाच्या बाबतीतही ही प्रक्रिया त्याच्या गावी न होता कोल्हापुरातच पार पडते.

कोमातील रुग्णासाठी पालक नेमून घेण्यास किंवा मंडळाच्या नकाराविरुद्ध दाद मागण्यास येथील कुटुंबांना पूर्वी मुंबईला जावे लागत असे. रुग्णाजवळ एक जण आणि न्यायालयात दुसरा, अशी विभागणी त्यामुळे अटळ होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या अखत्यारीत येतात. सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत त्याचे कामकाज सुरू झाले. त्यामुळे या जिल्ह्यांतील अशा याचिकांसाठीचे अंतर कमी झाले. मात्र प्रौढ असमर्थ व्यक्तींच्या पालकत्वाचा स्वतंत्र कायदा नसल्याने उच्च न्यायालयात जाण्याची आवश्यकता कायम आहे.

हेसुद्धा पाहा

* अरुणा शानबाग
* इच्छामरण
* मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७
* अवयवदान
* परिहारक सेवा